२०० लिटरची प्रवाळ टाकी आणि १/१० एचपीचा चिलर: नागपूरच्या उन्हाळ्यात किती पुरतो?

निकाल आधीच सांगतो. ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी आणि खाली छोटा सम्प (पंप-फिल्टर ठेवायची खालची टाकी), मिळून २०० लिटर खारं पाणी, एवढ्यासाठी १/१० एचपीचा चिलर (पाणी गार करणारं यंत्र) नागपुरात चालतो, पण एकटा चालत नाही. जोडीला सम्पवर दोन पंखे, उडालेलं पाणी आपोआप भरणारा टॉप-अप आणि चिलरसाठी सावलीतली हवेशीर जागा असेल, तर नवतपाही (मेअखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस) निभावतो. यातलं काहीच जमणार नसेल तर थेट १/५ एचपी घ्या किंवा खोलीला एसी लावा. २३ मे २०१३ ला या शहरात ४७.९ अंश नोंदले गेलेत. समुद्रकाठच्या शहरांचे अनुभव वाचून केलेली खरेदी इथे उपयोगी पडत नाही.

ही पारख कुठल्या एका कंपनीची नाही. टायटॅनियमची कॉइल, डिजिटल थर्मोस्टॅट आणि मागे किंवा बाजूला पंखा असलेला हा छोट्या फ्रिजएवढा आवाज करणारा डबा वेगवेगळ्या नावांनी मिळतो. आतली रचना जवळपास सारखीच असते. विकत घेताना कॉइल टायटॅनियमची आहे हे पत्रकात लिहिलेलं पाहा. तांब्याची कॉइल खाऱ्या पाण्यात गंजते, आणि विरघळलेलं तांबं कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ सगळ्यांना मारतं. दुसरी गोष्ट म्हणजे पुस्तिकेतली खोलीच्या तापमानाची कमाल मर्यादा. विक्रेते फक्त ‘इतक्या लिटरपर्यंत’ एवढंच सांगतात. त्या आकड्याला नागपुरात अर्थ नाही, कारण कंडेन्सरवरून (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्यांवरून) जाणारी हवाच ४० च्या वर असेल तर तोच चिलर बराच कमी थंडावा देतो आणि कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो.

टाकीत उष्णता येते कुठून? खोली ४० अंश आणि पाणी २६ असेल तर काच आणि पाण्याच्या पृष्ठभागातून अंदाजे १४० वॅट येतात. रिटर्न पंप (सम्पमधून पाणी वर नेणारा) आणि वेव्हमेकर (टाकीत लाटा उठवणारा) मिळून ५० वॅट, त्यातली जवळजवळ सगळी वीज शेवटी पाण्यातच उष्णता होऊन उतरते. वरून एलईडीचा वाटा. भर दुपारी २५० वॅटच्या आसपास भार होतो. हा अंदाज तुमच्या घरात किती खरा, हे मोजायला एक थर्मामीटर आणि एक तास पुरतो. चिलर आणि पंखे बंद करा, बाकी सगळं चालू ठेवा, तासाभरात पाणी किती चढतं ते पाहा. २०० लिटर खारं पाणी तासात १ अंश चढलं म्हणजे साधारण २३० वॅटचा भार. अर्धा अंश चढलं म्हणजे ११५. चिलर घेण्याआधी मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी, टाकीत अजून जीव नसताना ही चाचणी करावी. त्यावरून १/१० पुरेल की नाही हे पत्रकापेक्षा जास्त खरं कळतं.

आता पंखे, कारण नागपुरात खरं काम तेच करतात. संगणकात असतात तसले १२ व्होल्टचे, १२० मिलिमीटरचे दोन पंखे सम्पच्या पाण्यावर तिरपे लावा. एक लिटर पाणी उडालं की साधारण ०.६८ युनिट उष्णता घेऊन जातं. दिवसाला चार लिटर उडाले तर चोवीस तासांची सरासरी ११० वॅटच्या वर जाते, आणि हे दोन्ही पंखे मिळून जेमतेम ६ वॅट खातात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की ४४ अंशांच्या दुपारी, आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर २३ अंशांपर्यंत उतरतो. पंख्याने पाणी जास्तीत जास्त कुठवर गार होईल, त्याची ती सीमा. आषाढात उलटं होतं. बाहेर ३० च अंश, पण आर्द्रता ८५ टक्के. ओला थर्मामीटर २८ च्या खाली जात नाही. मग पंखे कितीही फिरवा, पाणी २६ वर येणार नाही. म्हणून मेमध्ये पंखा मुख्य आणि चिलर मदतीला, तर जुलै-ऑगस्टमध्ये चिलर मुख्य. अनेक जण पाऊस पडला, गारवा आला म्हणून जूनच्या शेवटी चिलर बंद करतात आणि नेमकं तेव्हाच पाणी २९-३० ला पोचतं.

घरातल्या कूलरचं काय? कूलर खिडकीत बसवून बाहेरची हवा आत घेत असेल आणि समोरचं दार उघडं असेल, तर टाकीला फायदाच होतो: खोली ३० च्या आसपास राहते, काचेतून येणारा भार बराच कमी होतो. पंख्याने पाणी उडायचा वेग मंदावतो, पण तेवढी गरजही उरत नाही. हाच कूलर बंद खोलीत आतलीच हवा फिरवत असेल तर दमटपणा साचत जातो आणि पंखा व चिलर दोन्ही हतबल होतात. आणखी एक. त्या खोलीत मच्छरांची कॉइल, लिक्विडचं मशीन किंवा स्प्रे वापरू नका. त्यातली पायरेथ्रॉइड औषधं कोळंबी-खेकड्यांना आणि माशांना अतिशय घातक असतात, आणि स्किमर (बुडबुड्यांनी पाण्यातली घाण काढणारं यंत्र) दिवसभर खोलीची हवा ओढून पाण्यात घुसळत असतो. खिडकीला जाळी लावा.

चिलरची जागा हा सगळ्यात जास्त चुकणारा भाग. टाकीखालच्या कपाटात तो अगदी नीट बसतो, म्हणून लोक तिथेच ठेवतात. पाण्यातून काढलेली उष्णता आणि स्वतः खाल्लेली वीज, दोन्ही तो मागून गरम हवा म्हणून फेकतो. बंद कपाटात तीच हवा तो पुन्हा ओढतो, कपाट तापतं, सम्प तापतो, आणि चिलर थांबायचं नाव घेत नाही. तो उत्तरेकडच्या गॅलरीत किंवा पॅसेजमध्ये ठेवा, ऊन आणि पाऊस दोन्ही लागणार नाही असा, पुढे-मागे किमान एक फूट मोकळं सोडून. पाइप ३ मीटरच्या आत असावा आणि त्यावर एसीच्या पाइपला घालतात ती काळी फोमची नळी चढवावी, नाहीतर वाटेतच थंडावा जातो. वाहून आणल्यावर चिलर २४ तास उभा राहू द्या, मगच चालू करा. आडवा पडला असेल तर कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत गेलेलं असतं. खाली रबरची जाड चटई घाला, नाहीतर फरशीतून येणारी घरघर रात्री जाणवते.

पंप पुस्तिकेत दिलेल्या प्रवाहातच हवा. या आकाराला बहुधा तासाला १००० लिटरच्या आसपासचा पुरतो. पाणी आधी फिल्टर सॉक किंवा स्पंजमधून गेलेलं असावं, कारण कॉइलवर चिकटलेला गाळ उघडून साफ करता येत नाही.

इथे एका गैरसमजाबद्दल थोडं सविस्तर, कारण याच कारणाने चांगले चिलर परत पाठवले जातात. परत येणाऱ्या पाण्याखाली हात धरून ‘गारच लागत नाही’ अशी तक्रार होते. लागणारच नाही! तासाला १००० लिटर पाणी जात असेल आणि चिलर २५० वॅट उष्णता काढत असेल, तर आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्यात फरक असतो फक्त ०.२ अंशाचा. तो हाताला कळणं शक्य नाही. पारख अशी करा: दहा मिनिटं चालल्यावर चिलरच्या पंख्याची हवा स्पष्ट गरम लागली पाहिजे, आणि संध्याकाळी उन्हाचा भार उतरल्यावर टाकी तासाला निदान अर्धा अंश खाली आली पाहिजे. कॉम्प्रेसर गुरगुरतोय, पण हवा खोलीइतकीच आहे, असं असेल तर गॅस गेलेला आहे. आर-१३४ए गॅसवरचा चिलर असेल तर चांगला फ्रिज मेकॅनिक गळती शोधून भरून देऊ शकतो. कॉइलच फुटली असेल तर खर्च करू नका.

चिलरच्या स्वतःच्या थर्मोस्टॅटवर एकट्यावर विसंबणं हा या यंत्राचा खरा कमकुवत दुवा. रिले (आतला स्विच) चिकटला तर चिलर बंदच होत नाही आणि हिवाळ्यातल्या रात्री टाकी १८ अंशांना जाऊ शकते. एसटीसी-१००० नावाचा साधा, स्वस्त कंट्रोलर घ्या आणि त्यावर पंखे व हीटर चालवा. एफ१ म्हणजे हवं ते तापमान: २६.०. एफ२ म्हणजे फरक: ०.३. एफ३ म्हणजे थंडाव्याच्या बाजूचा विलंब: १ मिनिट. एफ४ने सेन्सरची चूक दुरुस्त करता येते, त्यासाठी भरवशाचा दुसरा थर्मामीटर पाण्यात ठेवून आकडा जुळवा. आता पाणी २६.३ ला गेलं की पंखे सुरू, २५.७ ला आलं की हीटर. चिलर त्याच्या स्वतःच्या बोर्डावर २७ ला लावा. म्हणजे पंख्यांना जमलं नाही तरच चिलर उठतो. एक सेटिंग मात्र तपासा: काही चिलर ठरवलेल्या आकड्याच्या १ अंश वर गेल्यावर सुरू होतात, तेव्हा २७ चा अर्थ २८ होतो. अशा बोर्डावर २६ लावा. चिलरची वीजही एका वेगळ्या कंट्रोलरमधून न्या, २४ ला तोडणारा. दोघांचे रिले एकाच वेळी चिकटायची शक्यता फार कमी.

विजेचा हिशोब सोपा आहे: १५० वॅटचा चिलर दिवसाला १४ तास चालला तर २.१ युनिट. मेमध्ये पंख्यांसह हा आकडा याच्या खाली ठेवता येतो. लाइन गेली तर इन्व्हर्टरवर चिलर टाकू नका, चालू होताना तो कितीतरी पट जास्त करंट ओढतो. इन्व्हर्टरवर एक वेव्हमेकर आणि सम्पचे पंखे ठेवा. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, म्हणून उन्हाळ्यात लाइन गेल्यावर मासे आधी गुदमरतात, प्रवाळ नंतर. लाइन परत आल्यावर कॉम्प्रेसर लगेच उठू नये म्हणून तीन ते पाच मिनिटांचा विलंब हवाच. तो नसलेला चिलर घेऊ नका.

पंख्यांची किंमत पाण्यात मोजावी लागते. २०० लिटरच्या टाकीतून दिवसाला ५ लिटर उडाले आणि चार दिवस कोणी पाणी भरलं नाही, तर ३५ ची क्षारता (हजार भाग पाण्यात मिठाचे भाग) ३९ च्या जवळ जाते, कारण पाणी उडतं, मीठ आतच राहतं. म्हणून ऑटो टॉप-अप सोयीचा नव्हे, अत्यावश्यक. ऑप्टिकल सेन्सर आणि त्याच्या वर सुरक्षेला एक फ्लोट स्विच असलेला घ्या. साठ्याचा ड्रम २५ लिटरचाच ठेवा: सेन्सर अडकून सगळा ड्रम रिकामा झाला तरी क्षारता ३१ पर्यंतच उतरते, त्यातून टाकी सावरते. ५० लिटरचा ड्रम सोयीचा वाटतो, पण तो उलटला तर २८. नळीचं तोंड पाण्याच्या वरच ठेवा, बुडालं तर पंप थांबल्यावरही पाणी वाहत राहतं.

भरायचं पाणी शुद्ध हवं, टीडीएस शून्य. पेंच आणि कन्हानचं नळाचं पाणी पिण्याला उत्तम, पण त्यात क्लोरीन आणि विरघळलेले क्षार असतात. बोअरचं तर विचारूच नका. रोज पाच लिटर असं पाणी घालत राहिलात तर महिन्यात १५० लिटर पाण्याचे क्षार टाकीत साचतात आणि काचेवर तपकिरी, मग हिरवं शेवाळ धरतं. स्वयंपाकघरातलं आरओ जसंच्या तसं चालत नाही, त्यात टीडीएस कंट्रोलरने मुद्दाम थोडं कच्चं पाणी मिसळलेलं असतं. गाळाचा ५ मायक्रॉन फिल्टर, कार्बन ब्लॉक, ७५ जीपीडीची (दिवसाला ७५ गॅलनची) मेम्ब्रेन आणि शेवटी डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे), एवढी मांडणी पुरे. नागपुरातली अडचण गच्चीवरच्या काळ्या टाकीची आहे. दुपारी तिचं पाणी कढत येतं. गरम पाणी मेम्ब्रेनमधून भराभर जातं, पण क्षारही जास्त निसटतात, आणि रेझिन लवकर संपतं. पहाटे पाणी बनवा. वाया जाणारं पाणी फरशी पुसायला वापरा; कूलरमध्ये घातलं तर गवतावर पांढरा थर लवकर चढतो.

मिठाबद्दलही उन्हाळ्यामुळे एक गोष्ट सांगायला हवी. रीफ मीठ लिटरला साधारण ३८ ग्रॅम, म्हणजे २० लिटरला पाऊण किलोच्या आसपास लागतं. ३८-४० अंशांच्या बादलीत ते कालवलं तर कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं, पाणी दुधाळ होतं आणि अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) घसरते. मीठ खराब नसतं, पाणी गरम असतं. रात्री, २५-२६ अंशांच्या पाण्यात कालवा. आधी पाणी, मग मीठ, सोबत पंप. मऊ प्रवाळांना अल्कलिनिटी ८ डीकेएचच्या (तिचं एकक) आसपास पुरते. रेड सी कंपनीचंच उदाहरण घ्या: निळ्या बादलीचं मीठ ८ च्या जवळ, कोरल प्रो १२ च्या जवळ. मऊ प्रवाळांसाठी निळी बादलीच बरी. उघडलेलं मीठ पावसाळ्यात दगड होतं, घट्ट झाकणाच्या ड्रमात ठेवा. रिफ्रॅक्टोमीटरची (क्षारता मोजणाऱ्या यंत्राची) आपोआप तापमान दुरुस्ती बहुधा ३० अंशांपर्यंतच चालते, तेव्हा ४० च्या खोलीत पडून असलेलं यंत्र खोटा आकडा दाखवतं. थंड खोलीत अर्धा तास ठेवून, ३५ च्या प्रमाण द्रावणाने जुळवून मगच वाचन घ्या.

दिवे, खडक, वाळू यांवर फार लिहायची गरज नाही. एलईडीचा निळा जास्त, पांढरा कमी. मऊ प्रवाळांना ५० ते १५० पार (प्रकाशाच्या तीव्रतेचं माप) पुष्कळ. उन्हाळ्यात दिव्याची वेळ संध्याकाळी ६ ते रात्री २ अशी सरकवली तर दुपारच्या भारातून तो वाटा निघून जातो, फक्त ही वेळ एकदम न बदलता रोज अर्ध्या तासाने सरकवत तिथवर न्या. खडक कोरडा किंवा सिरॅमिकचा, १५ ते २० किलो, आणि अमोनिया देऊन चार ते सहा आठवडे टाकी पिकू द्या, म्हणजे अमोनिया पचवणारे जीवाणू वाढू द्या. वाळू अ‍ॅरगोनाइटची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची. कन्हानची वाळू घर बांधायला नामी, टाकीत मात्र ती पीएच सांभाळायला काही मदत करत नाही.

प्रवाळ घेताना कायदा आधी बघा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सगळे खडक बांधणारे कठीण प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे घातले गेले. मृत सांगाडे आणि समुद्रातून काढलेला ‘जिवंत खडक’ही म्हणूनच टाळावा. झोअँथस, मशरूम, सार्कोफायटन, सिन्युलेरिया, झेनिया या मऊ प्रवाळांतच पाच-सात वर्षं रमता येतं, आणि उन्हाळ्याच्या चढउतारात यांतले बरेच चिवटही ठरतात. झोअँथसचे तुकडे करताना हातमोजे आणि चष्मा घाला, ते ज्यावर वाढले तो खडक कधीही उकळू नका किंवा गरम पाण्याने धुऊ नका. त्यात पॅलिटॉक्सिन हे जीवघेणं विष असू शकतं.

पाणी तापल्याचं पहिलं चिन्ह सार्कोफायटनवर दिसतं, पण तिथेच घोटाळाही होतो. त्याच्या छत्रीवरचे बारीक दांडे आत ओढलेले, साल मेणासारखी चकाकणारी, वर पातळ पापुद्रा, असं दोन-चार दिवस दिसलं तर तो कात टाकतोय. वेव्हमेकरचा झोत थोडा त्याच्याकडे वळवा, पापुद्रा निघून जाईल. तापलेल्या पाण्यात मात्र पापुद्रा नसतो. दांडे आतच राहतात, छत्रीच्या कडा खाली लोंबतात आणि तपकिरी रंग फिका पडत जातो, कारण आतलं शैवाल बाहेर टाकलं जात असतं. असं दिसलं तर चिलरचा आकडा एकदम खाली आणू नका. दिवसाला १ अंश उतरवा, आणि दिवा निम्म्यावर आणा.

चिलरची देखभाल म्हणजे मुख्यतः धूळ. एप्रिल ते जून दर पंधरा दिवसांनी मागची जाळी धुवा आणि कंडेन्सरच्या पत्र्यांवरून मऊ ब्रश उभा फिरवा, आडवा फिरवला तर पत्रे वाकतात. पंखे खाऱ्या वाफेने गंजतात, एका हंगामात आवाज करू लागतात, म्हणून दोन सुटे आणून ठेवा. नवीन प्रवाळ मार्चनंतर मागवू नका. मुंबईहून येणारी पेटी दुपारी उन्हात उभी राहिली तर पिशवीतलं पाणी तासाभरात हाताला कोमट लागतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा योग्य काळ. तेव्हा चिलरऐवजी २०० वॅटचा हीटर लागतो. चिलर बंद करून ठेवताना त्यातलं खारं पाणी काढा, पंधरा मिनिटं आरओचं पाणी फिरवा, पूर्ण निथळू द्या आणि दोन्ही तोंडांना बुच लावून उभाच ठेवा. आत राहिलेलं खारं पाणी चार महिन्यांत कुजतं, आणि मार्चमध्ये चालू करताना ते सगळं सम्पमध्ये येतं.